सव्वा तोळ्याची गोळी आणि ऑग्डेनचा ब्राउनिंग

अमेरिकेतल्या खेळाच्या सामानाच्या एखाद्या मोठ्या दुकानात तंबू, मासे पकडायचे गळ, कॅम्पिंगच्या खुर्च्या बघत बघत आपण मागच्या भिंतीपाशी पोचलो, की काचेच्या काउंटरमागे काडतुसांची खोकी रचलेली दिसतात. वाण्याच्या दुकानात काडेपेट्या रचतात ना, अगदी तशी. खोक्यांवर नुसते आकडे. .२५ ऑटो, .३२ ऑटो, .३८० ऑटो, .४५ ऑटो. नवख्याला त्यातलं काही कळत नाही, आणि ज्याला संरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवायचंय तो तर या आकड्यांपाशीच अडतो. मोठी गोळी घ्यावी की लहान? गोल टोकाची की पोकळ टोकाची? आपल्या मराठी मंडळींतही हा विषय हल्ली निघतो. देशी लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना ठाऊक झालंय, आणि ओळखीत कुणाकडे घरफोडी झाली की पुढची चार पॉटलक याच गप्पांत जातात.

गंमत म्हणजे हे चारही आकडे एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले आहेत. तो जाऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी त्याची काडतुसं आजही कारखान्यांतून रोज बाहेर पडतात. जॉन मोझेस ब्राउनिंग त्याचं नाव. त्याच्या बंदुकांविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याच्या काडतुसांची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण आज घरासाठी गोळी निवडताना जे प्रश्न पडतात ते सगळे त्यानं आपल्या वर्कबेंचवर आधीच सोडवायला घेतले होते. काही सुटले, काही नाही सुटले.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, युटातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन हे मूळचे टेनेसीचे, पेशानं बंदुका घडवणारे. मॉर्मन पंथ स्वीकारल्यावर त्या लोकांबरोबर इलिनॉय, आयोवा असं करत करत ते १८५२ मध्ये युटात पोचले. त्या काळच्या मॉर्मन रिवाजाप्रमाणे त्यांना तीन बायका होत्या आणि मुलं बावीस. जॉन त्यातल्या दुसऱ्या बायकोचा. वडिलांचं दुकान म्हणजे आपल्याकडच्या गावातल्या लोहाराच्या भात्यासारखं: नांगरापासून बंदुकीपर्यंत जे मोडेल ते दुरुस्तीला येणार आणि पैशाऐवजी कधी धान्य, कधी कातडं मिळणार. पोरगं सहा-सात वर्षांचं असल्यापासून तिथंच वाढलं. शाळा जेमतेम झाली. दहाव्या वर्षी त्यानं भंगारातली एक जुनी नळी, लाकडाची फळी आणि तार असं काहीबाही जोडून बंदूक तयार केली आणि धाकट्या भावाला, मॅटला घेऊन रानकोंबड्या मारून आणल्या. वडिलांनी पक्षी खाल्ले, बंदूक पाहिली आणि फारसं कौतुक केलं नाही म्हणतात. कारागिराच्या घरचं कौतुक हे असंच असतं.

१८६९ मध्ये पूर्व-पश्चिम अमेरिका जोडणारी रेल्वे ऑग्डेनजवळ पुरी झाली आणि हे गाव जंक्शन बनलं. ही रेल्वे नसती तर ब्राउनिंग गावातला एक हुशार गनस्मिथ म्हणूनच राहिला असता असं मला वाटतं. १८७९ हे त्याच्या आयुष्यातलं मोठं वर्ष. एप्रिलमध्ये रॅचेल चाइल्डशी लग्न झालं, जूनमध्ये वडील गेले, ऑक्टोबरमध्ये एक बारी रायफलचं पेटंट मिळालं. मग भावाभावांनी मिळून छोटा कारखाना काढला आणि हातानं काही शे रायफली केल्या. त्यातली एक विंचेस्टर कंपनीच्या माणसाच्या नजरेला पडली. १८८३ मध्ये कंपनीचा वरिष्ठ अधिकारी टी. जी. बेनेट आगगाडीत बसून थेट ऑग्डेनला आला. इतकी नेटकी रायफल करणारा कारखाना केवढा असेल म्हणून आलेल्या माणसाला दिसलं ते एक साधं दुकान आणि हातात कानस घेतलेले भाऊ. आठ हजार डॉलरला सौदा झाला. तिथून पुढं एकोणीस वर्षं ब्राउनिंग नमुने करत राहिला आणि विंचेस्टर ते विकत घेत राहिली. काही नमुने तर कंपनीनं केवळ दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून घेऊन ठेवले, बनवले कधीच नाहीत.

मध्ये १८८७ पासून दोन वर्षं तो मॉर्मन धर्मप्रचारासाठी जॉर्जियात होता. दारोदार हिंडायचं, काम बंद. परतल्यावर जणू बांध फुटला. १८८९ मध्ये एका नेमबाजीच्या सामन्यात त्याच्या लक्षात आलं, की बार झाला की नळीच्या तोंडापुढचं गवत वाऱ्याच्या झोतानं झोपल्यासारखं वाकतंय. म्हणजे प्रत्येक बारामागे कितीतरी ताकद फुकट जात होती. ही ताकद वळवून बंदुकीनं स्वतःच रिकामी पुंगळी बाहेर टाकली आणि नवं काडतूस आत घेतलं तर? गवताच्या त्या वाकण्यातून पुढं मशीनगन आली, आणि याच विचाराच्या धाग्यानं पिस्तुलंही.

आता काडतुसाकडे येऊ. तोपर्यंत हातातलं हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर, गोल फिरणाऱ्या चक्रात सहा घरं असलेलं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, त्या कडेवर ते आपल्या घरात टेकून बसतं. स्वयंचलित पिस्तुलात मात्र काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. तिथं कडा एकमेकींत अडकतात. ताटं एकात एक बसून चिकटावीत तसं. अडकलं की पिस्तूल बंद, आणि जीव वाचवायच्या क्षणी बंद पडलेलं पिस्तूल म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा. म्हणून पिस्तूल करायचं तर काडतूसही नवं करायला हवं हे ब्राउनिंगनं ओळखलं.

त्याचं पहिलं गाजलेलं पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कंपनीनं काढलं. लिएजजवळच्या हर्स्टाल गावात या कंपनीचा मोठा कारखाना होता, पण तेव्हा तिला काम हवं होतं. १८९७ मध्ये तिचा माणूस अमेरिकेत आला, ब्राउनिंगचा नमुना पाहिला आणि घेऊन गेला. त्यासाठी केलेलं काडतूस म्हणजे .३२ ऑटो, युरोपात ७.६५ ब्राउनिंग. कडा अगदी बारीक, अर्धवट. गोळी साधारण साडेचार ग्रॅमची. पिस्तूल चपटं, कोटाच्या खिशात मावणारं, आणि ते चाललं. विश्वासानं चाललं. युरोपातल्या शहरांत रात्री घरी परतणाऱ्या साध्या माणसांनी ते घेतलं, पोलिसांनी घेतलं. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग हा शब्दच पिस्तूल या अर्थानं वापरला जाऊ लागला, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसा.

मग त्यानं आणखी लहान .२५ केलं. त्याची गोळी जेमतेम सव्वातीन ग्रॅमची, म्हणजे पाव तोळ्याहून किंचित जास्त. बनियनच्या खिशातही बसेल असं इवलंसं पिस्तूल. ही गोळी कमकुवत आहे हे सगळे म्हणतात आणि खरंच आहे, पण ब्राउनिंगचा हिशोब वेगळा होता. एवढ्या लहान पिस्तुलात .२२ ची कडावाली काडतुसं नीट सरकत नाहीत आणि कधी कधी पेटतही नाहीत. .२५ हमखास पेटतं, हमखास सरकतं. आधी उडणं, मग ताकद, असा हा क्रम. आजही अनुभवी माणसं नवख्याला पहिलं हेच सांगतात: ज्या गोळीवर तुझं पिस्तूल अडखळतं, ती कितीही भारी असली तरी तुझ्या कामाची नाही. नवीन पिस्तुलातून निवडलेल्या काडतुसाचे शे-दोनशे बार काढून बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये, हा शहाणपणा ऑग्डेनच्या वर्कबेंचवरूनच आलेला आहे.

१९०२ मध्ये विंचेस्टरशी बिनसलं. ब्राउनिंगनं स्वयंचलित शॉटगन केली होती आणि तिच्यासाठी त्याला एकरकमी पैशांऐवजी प्रत्येक नगामागे मानधन हवं होतं. बेनेट तयार होईना. इतक्या वर्षांचा संबंध एका बैठकीत संपला. ब्राउनिंग रेमिंग्टनच्या अध्यक्षांना, मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला. बाहेरच्या खोलीत बसला असतानाच बातमी आली, की हार्टली हृदयविकारानं गेले. मग हा गडी बोटीत बसला आणि शॉटगन बगलेत मारून बेल्जियमला गेला. पन्नाशीला टेकलेला माणूस, परका देश, परकी भाषा. आपण इथं एखादी नोकरी गेली की हादरतो, म्हणून हा प्रसंग मला लक्षात राहिला. त्यानंतर अखेरपर्यंत तो ऑग्डेन आणि लिएज अशा खेपा घालत राहिला.

आता सव्वा तोळ्याच्या गोळीकडे. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्य मोरो लढवय्यांशी झगडत होतं. सैन्याच्या हातात .३८ चं रिव्हॉल्व्हर होतं आणि तक्रारी येत होत्या, की अंगात गोळ्या शिरूनही माणूस धावून येतो, तलवार चालवतो आणि मग पडतो. गोळीनं माणूस मरतो की नाही हा प्रश्नच नव्हता. तो थांबतो का, हा होता. घरात शिरलेल्या दरोडेखोरासमोर उभ्या असलेल्या माणसाचाही हाच प्रश्न असतो, आणि संरक्षणाच्या गोळीची सगळी चर्चा तिथूनच सुरू होते.

उत्तर शोधायला १९०४ मध्ये सैन्यानं जॉन थॉम्पसन आणि शल्यचिकित्सक मेजर लुई लागार्ड यांना नेमलं. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि दुसरीकडे मृतदेहांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. ७.६५ आणि ९ मिलिमीटरच्या ल्युगर, .३८, .४५, ब्रिटिशांची .४५५ आणि .४७६. वाचवत नाही असं ते वर्णन आहे, जनावरांचे हाल झाले. शास्त्र म्हणूनही प्रयोग कच्चाच होता, हे आजचे जाणकार मान्य करतात. निष्कर्ष असा आला, की सैनिकाच्या पिस्तुलाची गोळी .४५ पेक्षा लहान नसावी. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती आणि ती लोक विसरतात. मर्मावर लागल्याशिवाय कुठलीही गोळी खात्रीनं थांबवत नाही, म्हणून नेमबाजीचा सराव हवा, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं होतं. मोठ्या आकड्याचं खोकं विकत घेणं सोपं, आणि दर महिन्याला रेंजवर जाणं कंटाळवाणं. त्यामुळे पहिली गोष्ट प्रसिद्ध झाली आणि दुसरी कागदात राहिली.

कोल्ट कंपनीसाठी ब्राउनिंगनं .४५ ऑटो काडतूस केलं. आधी त्याची गोळी हलकी आणि वेगवान होती. सैन्याला जड हवी होती, म्हणून २३० ग्रेनची म्हणजे जवळजवळ पंधरा ग्रॅमची झाली. सव्वा तोळा धरा. सोन्याच्या हिशोबात सव्वा तोळा म्हणजे एक बऱ्यापैकी चेन, त्यावरून अंदाज येईल. वेग आवाजापेक्षा कमी, कडा अजिबात नाही, टोक गोल आणि तांबूस धातूच्या कवचात मढवलेलं. गोल टोक का, तर मॅगझिनमधून नळीत सरकताना कुठं अडू नये.

सैन्याची परीक्षा मार्च १९११ मध्ये झाली. एका पिस्तुलातून सहा हजार बार. शंभर बार झाले की थोडा वेळ थंड होऊ द्यायचं, हजार झाले की पुसून तेल द्यायचं. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल सदतीस वेळा अडखळलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्च १९११ ला ते सैन्यानं स्वीकारलं आणि मॉडेल १९११ या नावानं ते सात दशकांहून जास्त काळ अमेरिकी सैनिकांच्या कमरेला राहिलं. बार होताना नळीची मागची बाजू जराशी खाली झुकते आणि कुलूप उघडतं, ही त्यातली युक्ती आजच्या ग्लॉकसकट बहुतेक सगळ्या पिस्तुलांत आहे.

याच्या तीनच वर्षं आधी, १९०८ मध्ये, त्यानं खिशातल्या पिस्तुलासाठी .३८० ऑटो केलं होतं. गोळी अर्ध्या तोळ्याची. युरोपात हेच ९ मिलिमीटर शॉर्ट, इटलीत ९ कोर्तो. हे काडतूस साध्या माणसाच्या रक्षणासाठीच होतं. रणांगणाशी त्याचा संबंध नव्हता. आणि इतिहासात त्याचं काय झालं बघा.

२८ जून १९१४. साराजेवोमध्ये गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाचा युवराज फ्रांझ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर दोन बार काढले. पिस्तूल एफएनचं, ब्राउनिंगचं १९१० चं मॉडेल. काडतूस .३८०. त्याच वर्षी बेल्जियमच्या राजानं ब्राउनिंगचा सन्मान केला होता, कारण एफएनमध्ये बनलेल्या त्याच्या पिस्तुलांचा आकडा दहा लाखांवर गेला होता. काही आठवड्यांत महायुद्ध पेटलं आणि जर्मन सैन्य त्या कारखान्यातही शिरलं.

आणि ३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला हाउसच्या हिरवळीवर पुण्याहून गेलेल्या नथुराम गोडसेनं गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. पिस्तूल इटालियन बेरेट्टा, १९३४ चं मॉडेल. काडतूस ९ कोर्तो, म्हणजे तेच .३८०. ब्राउनिंगला जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. त्या पिस्तुलाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी आतलं काडतूस त्याचंच होतं. ही लहानशी, अर्ध्या तोळ्याची गोळी. आज दुकानदार हिला जरा हलकी आहे म्हणून दुय्यम समजतात. जवळून, निःशस्त्र माणसावर, हलकं-भारी असं काही नसतं.

ब्राउनिंगला या सगळ्याचं काय वाटत असेल? तो फार बोलणारा, लिहिणारा माणूस नव्हता. त्याच्या हयातीतलं साराजेवो त्याला ठाऊक असणारच. त्यानं काम थांबवलं नाही एवढं दिसतं. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये त्याच्या मशीनगनची चाचणी झाली, वीस हजार बार न अडखळता, आणि मग पुन्हा वीस हजार. काहींना तो नमुना खास तयार केलेला वाटला, म्हणून त्यानं दुसरी गन आणली आणि ती अठ्ठेचाळीस मिनिटं सलग चालवून दाखवली. सरकारनं हक्कांपोटी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगामागे मानधन घेतलं असतं तर कितीतरी पट मिळाले असते, पण त्यानं घासाघीस न करता कागदावर सही केली. विंचेस्टरशी मानधनावरून भांडणारा हाच तो माणूस. त्याचा मुलगा व्हाल लेफ्टनंट म्हणून फ्रान्सला गेला आणि वडिलांची स्वयंचलित रायफल लढाईत चालवणाऱ्या पहिल्या काही लोकांत होता.

इथं जरा विषयांतर करतो, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींना व्यवहाराचं ऐकायचं असेल. ब्राउनिंगच्या काळातली गोळी गोल टोकाची, मढवलेली. ती अडकत नाही, पण आरपार जाते. आपल्या इकडच्या लाकडी सांगाड्याच्या घरांत दोन खोल्यांमध्ये असतं काय, तर जिप्समचे दोन पातळ तक्ते. चोरावर झाडलेली आणि हुकलेली गोळी पलीकडच्या खोलीत, जिथं पोरं झोपलेली असतात, आरामात पोचते. भिंत म्हणजे आडोसा नव्हे, नुसता पडदा, हे विटांच्या घरात वाढलेल्या आपल्या लोकांना पटकन ध्यानात येत नाही. म्हणून संरक्षणासाठी पोकळ टोकाची गोळी वापरतात. ती अंगात शिरली की फुलते, रुंद होते आणि बहुधा तिथंच थांबते. भिंतीतून मात्र तीही जाते, हे विसरू नका. फुलणाऱ्या गोळीचं जुनं नाव आपल्या ओळखीचं आहे, दमदम. कोलकात्याचा विमानतळ आहे तेच दमदम, तिथल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यावरून पडलेलं. १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यानं युद्धात अशा गोळ्यांना बंदी घातली. युद्धात जी निषिद्ध, तीच घरात आणि पोलिसांकडे पसंतीची. कारण घरात मागं कोण उभं आहे याची काळजी असते.

अर्थात गोळी फार लवकर फुलली तर पुरेशी आत जात नाही. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो नंतरही लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयनं जिलेटिनच्या ठोकळ्यावर निकष ठरवला: गोळी किमान बारा इंच आत जायला हवी, अठरापेक्षा जास्त नको. आधी त्यांनी मोठ्या काडतुसांची वाट धरली, आणि गोळ्या सुधारल्यावर अलीकडे परत ९ मिलिमीटरवर आले. कमी धक्का, जास्त नेम, असं त्यांचं गणित. छोट्या .३८० मध्ये फुलणं आणि खोल जाणं दोन्ही साधणं अवघड, म्हणून तिच्यात काही जाणकार अजूनही ब्राउनिंगचीच गोल टोकाची गोळी भरतात. .४५ की ९ हा वाद इथं आमटीत गूळ घालावा की नाही या वादासारखा आहे, तो मिटायचा नाही. माझं मत विचाराल तर, जी झाडताना हात थरथरत नाही आणि जी पिस्तुलात अडकत नाही, ती घ्यावी. आकडा नंतर बघावा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक तर सोडाच, काडतूस जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्यानं सहसा गुन्हा आहे. शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, तेही वकिलाला विचारूनच. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्या घरात ठेवता येतात, पण बाहेर घेऊन फिरण्यावर बंधनं आहेत, आणि तिथं आपली वस्ती मोठी. रेंजवर नेलेली बॅग घेऊन भारतात जाऊ नका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस एक्स-रेमध्ये दिसलं तर विमानतळावर शस्त्र कायद्याखाली अडकायला होतं, आणि चुकून राहिलं हे सांगून लगेच सुटका होत नाही.

तर ब्राउनिंगकडे परत. युद्ध संपल्यावरही तो लिएजला जातच राहिला. २६ नोव्हेंबर १९२६ ला, एकाहत्तर वर्षांचा असताना, एफएनच्या कारखान्यात मुलाच्या खोलीत कामाच्या टेबलापाशी त्याचं हृदय थांबलं. त्याच्या नावावर १२८ पेटंट जमा होती. शव बोटीनं अमेरिकेत आणून ऑग्डेनला पुरलं.

टेबलावर अर्धवट राहिलेलं एक काम म्हणजे ९ मिलिमीटरचं नवं पिस्तूल. ९ मिलिमीटरचं काडतूस त्याचं नव्हे, ऑस्ट्रियाच्या गेओर्ग ल्युगरचं. दुसऱ्याचं काडतूस चांगलं असेल तर ते घ्यायला त्याला कमीपणा वाटला नाही. एफएनच्या द्यूदोने सेव्हनं ते काम पुरं केलं आणि १९३५ मध्ये तेरा काडतुसांचं हाय पॉवर बाजारात आलं. पुढच्या महायुद्धात जर्मनांनी ते ताब्यातल्या बेल्जियममध्ये बनवलं आणि दोस्तांनी कॅनडात. एकाच पिस्तुलानं दोन्ही बाजू एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या.

कॅनडातल्या त्या नमुन्यावरूनच बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत भारतीय सैन्याचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल तयार झालं. आपल्या घरातला कुणी फौजेत किंवा पोलिसात असेल, तर त्यानं ते हाताळलेलं असण्याची शक्यता दाट आहे. आणि साध्या नागरिकाचं म्हणाल, तर भारतात ९ मिलिमीटर आणि .४५ ही खाजगी माणसाला मना असलेली बोअर. परवाना मिळालाच तर पिस्तूल मिळतं ते बहुधा .३२ चं, ईशापूरलाच बनणाऱ्या अशनीसारखं. त्यात भरायचं काडतूस १८९९ चं, ऑग्डेनच्या ब्राउनिंगचंच. म्हणजे नाशिक-सोलापूरकडच्या एखाद्या बागायतदार काकांच्या कपाटातलं पिस्तूल आणि ह्यूस्टनच्या दुकानातलं खोकं, दोन्हीकडे आकडा एकाच माणसाचा.

ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी: सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोनकडे निघालात, की साधारण चाळीस मैलांवर ऑग्डेन लागतं. तिथल्या जुन्या युनियन स्टेशनच्या इमारतीत ब्राउनिंगचं म्युझियम आहे, त्याच्या हातचे मूळ नमुने तिथं ठेवलेले आहेत. रेल्वेची जुनी इंजिनंही त्याच आवारात आहेत, त्यामुळे पोरांना बंदुकांचा कंटाळा आला तरी अडत नाही.